टिचकी

जळगाव जामोदला आयुष्यभर कापसाची आडत चालवल्यावर नानांना उतारवयात एक छंद जडला. छंद असा, की गावात कुणाला तो धड सांगताही येईना. इंग्लंडात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घडलेली मातीची ताटं आणि वाडगे नाना जमवत. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ती उभी मांडलेली असत. रंग दुधी पांढरा, त्यावर निळी, पिवळी, जांभळट चित्रं, आणि जवळजवळ प्रत्येक ताटाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

"नाना, चिनी मातीच्या बश्या झकास आहेत," असं कुणी म्हणालं की नानांना हवं ते मिळे.

"चिनी माती नाही. तीच तर गंमत आहे," असं म्हणून ते कपाट उघडत, आणि पाहुण्याचा चहा गार होईपर्यंत सगळी कहाणी सांगत.

त्यांची मुलगी ब्रिस्टलला नोकरीला होती. तिच्या बाळंतपणासाठी नाना आणि नानी तिकडे गेले, तेव्हा बाहेर सारखा पाऊस आणि घरात सारखं झोपलेलं बाळ. नाना उठून गावातल्या वस्तुसंग्रहालयात जाऊन बसू लागले. तिथे ही भांडी कपाटंच्या कपाटं भरून होती, कारण ब्रिस्टल हे एकेकाळी ती घडवणारं मोठं गाव. नाना पाहत राहिले, विचारत राहिले, पुस्तकं चाळू लागले आणि परत निघताना पहिला टवका उडालेला वाडगा घेऊन आले.

कहाणी ते रंगवून सांगत. चीनचं पोर्सेलिन युरोपात पोचलं तेव्हा तिथल्या श्रीमंतांचे डोळे दिपले. पण तशी पांढरी माती कशी साधायची आणि किती तापवायची, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कुंभारांनी साध्या, तपकिरी मातीचंच भांडं घडवलं, एकदा भाजलं आणि शिशाच्या झिलईत कथलाची राख मिसळून त्या पाण्यात बुडवलं. कथलामुळे झिलई पारदर्शक न राहता दुधासारखी दाट पांढरी होते. ही युक्ती मूळची इराकातली, बसऱ्याकडची. तिथून ती स्पेनला गेली, इटलीला गेली, अँटवर्पला गेली. अँटवर्पहून यास्पर आंद्रीस आणि याकोब यान्सेन हे दोन कुंभार 1567 साली इंग्लंडातल्या नॉर्विचला आले. पुढे 1570 मध्ये त्यांनी लंडनला काम करू द्यावं म्हणून एलिझाबेथ राणीकडे अर्ज केला. मग लंडनचं साउथवर्क आणि लॅम्बेथ, नंतर ब्रिस्टल आणि लिव्हरपूल, असा हा धंदा दोनशे वर्षं चालला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेजवुड नावाच्या इंग्रज कुंभारानं मलईच्या रंगाची स्वस्त, टणक भांडी बाजारात आणली आणि या कुंभारांच्या भट्ट्या एकेक करून विझल्या.

"यात चित्र काढणाऱ्याची खरी परीक्षा," नाना सांगत. "झिलईचं पाणी सुकलं की भांड्यावर कोरडी भुकटी बसते. त्या भुकटीवर कुंचला टेकला की रंग लगेच आत शोषला जातो. पुसायची सोय नाही. हात चुकला तर चूक भट्टीत पक्की होते."

मग ते ताट उलटं करत. जुन्या मोठ्या ताटांच्या पाठीला कथलाची पांढरी झिलई नसे. कथील कॉर्नवॉलच्या खाणींतून येई आणि महाग पडे. म्हणून दर्शनी बाजू पांढरी आणि पाठीला नुसती शिशाची पारदर्शक झिलई, जिच्यातून खालची माती सरळ दिसते. कडेलाही झिलई नीट धरत नाही. जरा धक्का लागला की टवका उडतो आणि माती उघडी पडते.

टवक्यांचं हे सगळं कौतुक सांगणाऱ्या नानांच्या मनात मात्र एक हाव दडलेली होती. एक तरी मोठं ताट असं हवं, की ज्याला टवका नाही, तडा नाही. असं ताट त्यांना एका विलायती लिलावात दिसलं. मधोमध ट्यूलिपची फुलं, कडेनं निळे तिरके फटकारे, व्यास हातभर. बोली वाढत गेली आणि नाना तिच्यामागे गेले. सहा एकरांतला कापूस विकून हाती यावी एवढी रक्कम मोजून त्यांनी ते घेतलं. मुलीनं सुट्टीत येताना ते मांडीवर ठेवून आणलं.

ज्यानं जन्मभर कापसाची बोंडं चिमटीत धरून, धागा ओढून त्याची लांबी सांगितली, पाणी मारलेला कापूस नुसता हात घालून ओळखला, त्या माणसानं या ताटाला हात लावण्याआधीच पैसे भरले होते.

ताटाची बातमी मुंबईपर्यंत गेली. तिथले एक संग्राहक जुन्या मुंबई कलाशाळेची मातीची भांडी जमवत. एकदोन विलायती ताटंही आपल्याकडे असावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी फोटो मागवला आणि नानांनी दिली होती तिच्या सव्वापट रक्कम देऊ केली. आखजीनंतरच्या शनिवारी ते अजिंठ्याला जाणार होते, तिथून पुढे जळगाव जामोदला येतो म्हणाले. नानांच्या मनात विकायचं नव्हतं, पण सव्वापट हा आकडा आडत्याच्या कानाला गोड लागतोच.

आखजी चार दिवसांवर आली. अक्षय्य तृतीयेला या मुलखात घरोघरी नवी घागर पाण्यानं भरून पितरांच्या नावानं पुजतात. कुंभारपुऱ्यातली म्हातारी मावशी दरवर्षीप्रमाणे हातगाडीवर घागरी रचून नानांच्या ओट्याशी आली. सून एकेक घागर उचलून टिचकी मारून पाहू लागली. दोन तिनं बाजूला काढल्या. तिसरी उचलली, तसा म्हातारीनंच हात आडवा घातला.

"ते नोको घेऊ माय. फुटेल हाय ते. चुकीनं गाडीवर आली."

सुनेनं घागर फिरवून पाहिली. गेरूचा लाल हात एकसारखा बसलेला, रेघसुद्धा नाही. "कुठे फुटली आहे आजी? चांगली तर दिसते."

"दिसाले चांगलीच हाय. वाजवून पाय."

सुनेनं टिचकी मारली. आधीच्या दोन्ही खणखणल्या होत्या. ही भद्द वाजली.

ओट्यावर बसलेले नाना म्हणाले, "मावशी, नवी घागर पाझरतेच की. एवढं काय त्यात?"

"पाझरनं येगळं भाऊ, गयनं येगळं," म्हातारी म्हणाली. "पाझरली त पानी थंड होते. गयली त पानीच राह्यत नाई. अन् तुमी भेंडवयले जाता न् घटमांडनी पाहाले?"

नाना दरवर्षी जात. भेंडवळ याच तालुक्यातलं. आखजीच्या संध्याकाळी तिथल्या शेतात गोल खड्डा करून घट मांडतात. तीनशेहून अधिक वर्षांची ही रीत, असं सांगतात. खड्ड्याच्या मधोमध चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, आणि भोवती अठरा प्रकारचं धान्य. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून कोणत्या महिन्यात किती पाऊस, याचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात.

"त्या ढेकयायवर फुटेल घागर ठेवली," म्हातारी म्हणाली, "त चारी महिने पाऊसच पाऊस दिसन. लोकं त्या भरोशावर पेरतीन. मंग घागर वरून चांगली दिसत व्हती, हे कोनाले सांगाव?"

बोलता बोलता तिनं कनवटीच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्या घागरीच्या पोटावर ठसठशीत फुली काढली.

नानीनं तिला चहाला आत बोलावलं. ट्यूलिपचं ताट त्या दिवशी पुसायला म्हणून मेजावर काढलेलं होतं. नानांना राहवलं नाही. कुंभाराच्या हाताला कुंभाराचं काम दाखवावं म्हणून त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

म्हातारीनं फुलं पाहिलीच नाहीत. आधी ताट उलटं केलं. "मातीच हाय न् ही! आपल्यासारखीच." तिला आनंद झाला. बुडावरून तिनं अंगठा फिरवला, ताट तळहातावर तोललं आणि टिचकी मारली. मग आणखी एक.

"भाऊ, हे बी फुटेल हाय."

नाना हसले. "मावशी, हे विलायती काम. याचा आवाज असाच असतो."

"फुटक्याचा आवाज साऱ्या मुलखात एकच असते," म्हातारी म्हणाली आणि चहा प्यायला बसली.

त्या रात्री घर झोपल्यावर नानांनी कपाट उघडलं. टवके उडालेला ब्रिस्टलचा वाडगा वाजवला. खणखणला. कड कुरतडलेलं लॅम्बेथचं ताट वाजवलं. तेही खणखणलं. ट्यूलिपच्या ताटाला टिचकी मारली, आणि जो आवाज आला तो त्यांनी सकाळी ओट्यावर ऐकलेला होता.

आडतीच्या गल्ल्यात नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा होता. नानांनी तो आणला, दिवाणखान्यातला दिवा मालवला आणि ताटावर उजेड टाकला. जुन्या झिलईवर तो एकसारखा पडला. पण उजव्या अंगाला, कडेपासून थेट फुलाच्या देठापर्यंत, एक रुंद पट्टा वेगळाच चमकू लागला. ताटाचे केव्हातरी फुटून तीन तुकडे झाले होते. कुणीतरी ते जोडलं होतं, फटी लांबीनं बुजवल्या होत्या, वर पांढरा रंग दिला होता आणि निळे फटकारे नव्यानं ओढले होते. कडेला टवका नव्हता, कारण तिथली कडच आता लांबीची होती.

नानांनी लिलावाचे कागद काढले. माल आहे तसा, पाहून घ्यावा, परत नाही, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं.

सकाळी मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, सांगायचं कशाला? आपल्याला कुणी सांगितलं होतं? ते साहेब शनिवारी येतील, पाहतील, घेतील. त्यांनी वाजवून नाही पाहिलं तर तो त्यांचा दोष."

नाना गप्प राहिले. खरं सांगायचं तर हेच उत्तर रात्रभर त्यांच्याही मनात घोळत होतं, आणि त्याला एक भारदस्त आधारही सापडला होता. ही सगळी कलाच मुळी झाकण्याची. तपकिरी मातीवर पांढरं पांघरूण घालून तिला चिनी दाखवायचं. इंग्लंडातल्या कुंभारांनी दोनशे वर्षं जे केलं, तेच हे ताट जोडणाऱ्यानं वीतभर जागेत केलं. मग त्यांची कारागिरी आणि याची लबाडी, असं का म्हणायचं?

विचार तर्काला धरून होता. पण आडत्याच्या हिशेबात तो कुठेतरी जमत नव्हता. दुपारी ऊन उतरल्यावर नाना कुंभारपुऱ्यात गेले.

म्हातारीच्या अंगणात आव्यातून काढलेल्या घागरींच्या रांगा लागल्या होत्या. तिचा नातू चिंधीनं एकेकीला गेरू चोपडत होता. भिंतीकडेला वेगळा ढीग होता, त्यातल्या प्रत्येक घागरीवर चुन्याची फुली.

"मावशी, ह्या फुलीच्या फेकून देता?"

"फेकाले काय झालं? विकतो न्. कोनी झाड लावाले नेते, कोनी कोंबड्यायले पानी ठेवाले. चांगलीच्या चौथाई पैशात जाते."

"म्हणजे फुटकी तुम्हीही विकता."

"फुटेल म्हनून विकतो."

नानांनी गेरूच्या बादलीकडे बोट केलं. "आणि हा रंग? मातीचा खरा रंग झाकताच ना तुम्ही?"

म्हातारीनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. एवढा मोठा व्यापारी, आणि विचारतो काय!

"गेरू त साऱ्यायलेच लावतो भाऊ. घेनाऱ्याले बी मालूम असते, खाली माती हाय. पैसे मातीचेच घेतो, गेरूचे सोन्यावानी थोडीच घेतो? पन तडा बुजवाले गेरू लावला, अन् चांगलीचे पैसे घेतले, त ते रंगवनं नाई झालं. ते चोरी झाली."

नानांना हिशेब जमला. लंडनच्या आणि ब्रिस्टलच्या कुंभारांनी मातीला पांढरं केलं, पण पाठ उघडी ठेवली आणि भाव मातीचाच घेतला. पोर्सेलिन परवडत नव्हतं त्यानं ते ताट घेतलं, आणि काय घेतो आहोत हे जाणून घेतलं. ट्यूलिपच्या ताटावरचा नवा रंग त्या जुन्या रंगाहून जाडही नव्हता. फरक एवढाच, की त्या वीतभर जागेसाठी नानांकडून अखंड ताटाचा भाव वसूल झाला होता.

शनिवारी मुंबईचे संग्राहक आले. अजिंठ्याची लेणी पाहून आल्यामुळे त्यांच्या बोलण्यात तेच होतं. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथलेच शिक्षक ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून बारातेरा वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्याच काळात टेरी या दुसऱ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेत मातीची भांडी होत. सिंधकडच्या कुंभारांची झिलई आणि अजिंठ्याची नक्षी त्या भांड्यांवर एकत्र आली. ही भांडी संग्राहकांनी निम्मं आयुष्य घालवून जमवली होती.

"नक्कलच ती," ते कौतुकानं म्हणाले. "पण कित्येक भांड्यांच्या बुडाला शाळेचं नाव कोरलेलं असतं. म्हणजे नक्कल आपलं नाव सांगून समोर येते."

नानांनी ट्यूलिपचं ताट मेजावर ठेवलं. संग्राहकांचे डोळे फुलांवर खिळले. ते खिशातून चेकबुक काढणार, तोच नाना म्हणाले, "आधी वाजवून पाहा."

त्यांनी टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. नानांनी जांभळा दिवा लावून पट्टा दाखवला, तीन तुकडे दाखवले, आपण किती दिले तेही सांगितलं. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

संग्राहक बराच वेळ ताट हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "जोडलेलं म्हणून घेईन. चौथाई भावानं." नाना हो म्हणाले. कागद करताना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: तीन तुकडे, जोडलेलं, उजव्या बाजूचा रंग नवा.

निघताना पाहुण्यांची नजर टवके उडालेल्या ब्रिस्टलच्या वाडग्यावर गेली. त्यांनी भाव विचारला, नानांनी सांगितला, आणि त्यांनी तो घासाघीस न करता मोजला.

"हाही वाजवून घ्या," नाना म्हणाले.

"त्याचे टवके दिसताहेत," पाहुणे म्हणाले, "आणि बाकीचं तुम्ही सांगितलंच असतं."

गाडी गेल्यावर मुलानं हिशेब मांडला. वाडग्याचा नफा धरूनही ताटाचा तोटा भरून निघत नव्हता. तो मोठाच होता. "बाबा, थोडं गप्प बसला असतात तर हे नुकसान झालं नसतं."

"नुकसान लिलावाच्या दिवशीच झालं होतं," नाना म्हणाले. "मी हात न लावता पैसे मोजले, तेव्हाच. आज गप्प बसलो असतो तर ते मिटलं नसतं, नुसतं त्या माणसाच्या घरी गेलं असतं. आणि तो पुढे कुणाला तरी देताना असाच गप्प बसला असता."

मुलगा काही बोलला नाही. पण पुढच्या हंगामात आडतीवर एका गाडीतला कापूस वरून कोरडा आणि आतून ओला निघाला, तेव्हा त्यानं तो परत पाठवला नाही. ओला म्हणून वेगळा लावला, ओल्याचा भाव पुकारला आणि शेतकऱ्याला व खरेदीदाराला दोघांनाही कारण सांगितलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले आणि घेणाऱ्याला काय घेतो ते कळलं.

तडा जाणं हा मातीचा धर्म आहे, रंग देणं हा कारागिराचा. त्या दोन्हींत पाप नाही. तडा गेलेल्या वस्तूलाही गिऱ्हाईक असतं, कामही असतं आणि किंमतही असते, मात्र ती तिची स्वतःची किंमत असावी लागते. खोटेपणा रंगात नसतो, भावात असतो. झाकलेल्या तड्यावर जो अखंडाचे पैसे घेतो, त्यानं वस्तू विकलेली नसते, आपला तोटा विकलेला असतो.